फादर स्टीफन्स व मडगांवचें पवित्र आत्म्याचें मंदिर

मराठी भाषेची सेवा करणाऱ्या परदेशस्थ पुरुषांची मालिका गुंफावयाची झाली, तर तिच्यांत पहिला मान फादर थॉमस स्टीफन्स यांस द्यावा लागेल. इंग्लंडांत जन्मलेल्या, रोमेंत शिकलेल्या आणि गोव्याच्या भूमींत देह ठेवलेल्या या सत्पुरुषानें चारशें वर्षांपूर्वीं मराठी ओवींत येशू ख्रिस्ताचें चरित्र गाइलें, ही गोष्ट पुष्कळ विद्यार्थ्यांस ठाऊक असते. परंतु तें पुराण कोणत्या भूमींत उगवलें, तें कोणी मागितलें आणि कोणत्या लोकांच्या कानीं पडावें म्हणून लिहिलें गेलें, याची माहिती थोड्यांनाच असते. कवीच्या भोंवतीं माणसें असतात, त्या माणसांचें एक गांव असतें, आणि गांवाच्या मध्यभागीं बहुधा एक देवालय असतें. म्हणून या लेखांत स्टीफन्स यांच्या चरित्राबरोबरच मडगांवचें पवित्र आत्म्याचें मंदिर व त्याच्या भोंवतालची वस्ती यांचाही वृत्तांत देण्याचें योजिलें आहे.

थॉमस स्टीफन्स यांचा जन्म सन १५४९ च्या सुमारास इंग्लंडांतील विल्टशर परगण्यांत बुश्टन नांवाच्या खेड्यांत झाला. त्यांचे वडील व्यापारी होते. त्या काळचें इंग्लंड धर्मकलहानें पोळलेलें होतें. राणी एलिझाबेथ हिच्या राज्यांत प्रॉटेस्टंट पंथास राजाश्रय होता आणि रोमन कॅथॉलिक उपासनेस कायद्यानें बंदी होती. स्टीफन्स यांचा ओढा कॅथॉलिक पंथाकडे असल्यामुळें त्यांस व त्यांच्या सोबत्यांस चोरून उपासना करावी लागे. थॉमस पाउंड नांवाचा एक श्रीमंत गृहस्थ त्यांचा जिवलग मित्र होता. स्टीफन्स यांनीं त्याच्या नोकराचा वेष घेतला आणि दोघांनीं देशभर गुप्तपणें संचार केला. दोघांनींही रोमेस जाऊन येशू संघांत, म्हणजे ज्यांस आपण जेझुइट म्हणतों त्या संस्थेंत, शिरावयाचा निश्चय केला होता. परंतु पाउंड पकडला गेला व पुढें सुमारें तीस वर्षें त्याला तुरुंगवास भोगावा लागला. स्टीफन्स एकटेच निसटले आणि २० ऑक्टोबर १५७५ रोजीं रोम येथें त्यांनीं संघाची दीक्षा घेतली. आपल्या मित्रास ते विसरले नाहींत. त्यांच्याच रदबदलीमुळें पाउंड यास बंदिवासांत असतांनाच संघांत घेण्यांत आलें.

रोमेंत शिक्षण चालू असतांना स्टीफन्स यांच्या मनांत हिंदुस्थानांत जाण्याची उत्कंठा उत्पन्न झाली. ४ एप्रिल १५७९ रोजीं ते लिस्बन बंदरांतून निघाले आणि आफ्रिकेस वळसा घालून २४ ऑक्टोबर रोजीं गोव्यास पोंचले. सहा महिन्यांहून अधिक काळ जहाजावर काढतांना वादळें, उष्मा व रोगराई यांशीं त्यांस झगडावें लागलें. किनाऱ्यास लागल्यावर थोड्याच दिवसांत त्यांनीं आपल्या वडिलांस एक सविस्तर पत्र लिहिलें. समुद्रावरील वारे, प्रवाह, पक्षी व मासे यांचें त्यांतील वर्णन इतकें सुबोध होतें कीं, पुढें १५८९ सालीं हॅक्लुट या ग्रंथकारानें तें आपल्या प्रवासवृत्तांच्या संग्रहांत छापलें. हिंदुस्थानांत येऊन स्थायिक झालेला इतिहासास ठाऊक असलेला पहिला इंग्रज तो हाच. पुढें आलेल्या कित्येक इंग्रजांनीं येथून द्रव्य नेलें. या पहिल्यानें मात्र येथेंच देह ठेवला, हा भेद लक्षांत ठेवण्याजोगा आहे.

१५८० सालीं गोव्यांत स्टीफन्स यांस पुरोहितपदाची दीक्षा मिळाली आणि त्यांची नेमणूक साष्टी प्रांतांत झाली. येथें साष्टी म्हणजे मुंबईजवळचें बेट नव्हे. गोव्याच्या दक्षिणेस मडगांव ज्यांत आहे तो प्रांत. थोडा काळ गोवा शहरांत गेला तो सोडल्यास, त्यांचें पुढील सारें आयुष्य, म्हणजे जवळजवळ चाळीस वर्षें, याच प्रांतांत गेलीं.

आतां त्या प्रांताकडे वळूं. मडगांवाचें जुनें नांव मठग्राम असें सांगतात. तेथें मठ होते, विद्या होती आणि दामोदर हें गांवाचें आराध्यदैवत होतें. मराठी ग्रंथरचनाही तेथील लोकांस अपरिचित नव्हती. याच साष्टी प्रांतांतील केळशी गांवच्या कृष्णदास शामा यानें १५२६ सालीं श्रीकृष्णाचें चरित्र मराठी ओवींत लिहिलें होतें. १५४३ च्या सुमारास विजापूरकरांकडून हा प्रांत पोर्तुगीजांच्या हातीं गेला आणि १५६० पासून तेथील धर्मकार्य येशू संघाकडे आलें. १५६५ च्या सुमारास मडगांवांत पवित्र आत्म्याच्या नांवानें पहिलें ख्रिस्ती मंदिर उभारण्यांत आलें. जेथें तें उभें राहिलें तेथें पूर्वीं दामोदराचें देऊळ होतें असें सांगतात. भक्तांनीं आपला देव पोर्तुगीजांच्या हद्दीबाहेर जांबावलीस नेला. पुढें १५६७ सालीं राशोल किल्ल्याच्या कप्तानानें साष्टींतील शेंकडों देवळें पाडविलीं. जुनीं पोथ्यापुराणें वाचण्यास नव्या ख्रिस्ती लोकांस मनाई झाली.

ही हकीकत सांगतांना आम्हां ख्रिस्ती लोकांस संकोच वाटतो, परंतु ती झांकून ठेवणें योग्य नव्हे. ज्या मनुष्यास स्वतःच्या देशांत आपली उपासना लपून करावी लागली, तोच मनुष्य अशा ठिकाणीं आला कीं, जेथें त्याच्याच पंथाच्या सत्तेनें दुसऱ्यांची उपासना बंद पाडली होती. इंग्लंडांत प्रॉटेस्टंटांनीं कॅथॉलिकांचा छळ केला. गोव्यांत कॅथॉलिकांनीं हिंदूंचा केला. ज्याच्या हातीं तरवार असते त्यास धर्माच्या नांवानें ती चालविण्याचा मोह होतो, मग पंथ कोणताही असो. स्टीफन्स आपल्या काळाचे व आपल्या संघाचे होते. त्यांनीं या धोरणाविरुद्ध बंड केलें असें म्हणतां येणार नाहीं. तथापि त्यांनीं आपल्या हातीं तरवारीऐवजीं लेखणी धरली, आणि सत्तेनें लोकांचें जें हिरावून घेतलें होतें त्यांतील एक मोलाची वस्तु त्यांस परत केली.

त्या प्रांतांतील असंतोषाचा भडका स्टीफन्स यांनीं जवळून पाहिला. २५ जुलै १५८३ रोजीं कुंकळ्ळी गांवांत नवें ख्रिस्ती मंदिर बांधण्यासाठीं जागा पाहावयास गेलेल्या पांच जेझुइटांस व त्यांच्या बरोबरच्या कित्येक ख्रिस्ती लोकांस गांवकऱ्यांनीं ठार केलें. त्या पांचांत रुदोल्फ आक्वाविवा हे होते. अकबर बादशहाच्या दरबारीं राहून ते नुकतेच परतले होते. आपल्या सोबत्यांचीं प्रेतें मिळवून त्यांस मूठमाती देण्याची व्यवस्था करण्याचें दुःखद काम स्टीफन्स यांच्याकडे आलें. पुढें पोर्तुगीजांनीं कुंकळ्ळीच्या प्रमुखांस बोलण्याच्या मिषानें आसोळणें येथील किल्ल्यांत बोलाविलें आणि त्यांचा वध केला. दोन्ही बाजूंचें रक्त असें एकाच मातींत मिसळलें. या प्रसंगानंतर दुसरा कोणी असता तर त्यानें बदलीचा अर्ज केला असता, अथवा त्याचें अंतःकरण त्या लोकांविषयीं कायमचें कठोर झालें असतें. स्टीफन्स यांनीं त्याच लोकांत राहून त्यांची भाषा शिकण्याचें व्रत चालू ठेविलें.

त्याच वर्षीं ऑक्टोबरांत त्यांनीं आपल्या भावास एक पत्र लिहिलें. त्यांत या देशांतील भाषांची रचना ग्रीक व लॅटिन या भाषांशीं मिळतीजुळती आहे, असें त्यांनीं नमूद केलें आहे. सर विल्यम जोन्स यांनीं हाच विचार १७८६ सालीं कलकत्त्यास विद्वानांपुढें मांडला व तेथून तुलनात्मक भाषाशास्त्राचा पाया घातला गेला. साष्टींतील या पाद्र्यास तो त्याच्या दोनशें वर्षें आधीं, शेतकऱ्यांचें व भटजींचें बोलणें ऐकतां ऐकतां सुचला होता.

याच सुमारास त्यांच्या दयाळू स्वभावाची साक्ष देणारी एक गोष्ट घडली. राल्फ फिच, जॉन न्यूबेरी व त्यांचे दोन सोबती असे चार इंग्रज ऑर्मुझ येथें पकडले जाऊन हेर म्हणून गोव्याच्या तुरुंगांत टाकले गेले. ते स्टीफन्स यांच्या देशाचे असले तरी ज्या राजसत्तेनें स्टीफन्स यांस देशोधडीस लाविलें तिचेच ते प्रजाजन होते. तरीही स्टीफन्स यांनीं खटपट करून १५८३ च्या डिसेंबरांत त्यांस जामिनावर सोडविलें. पुढें फिच गोव्यांतून निसटला व विजापूर, गोवळकोंडा या मार्गानें उत्तरेस गेला. बऱ्हाणपुरास पोंचण्यापूर्वीं त्यास लागलेलें एक गांव म्हणजे आपल्या वऱ्हाडांतील बाळापूर होय, असें अभ्यासक मानतात. अशा रीतीनें मडगांवच्या या पाद्र्याच्या उपकाराचा एक धागा आपल्या प्रांतापर्यंत येऊन पोंचला आहे.

साष्टीच्या कॉलेजाचे स्टीफन्स हे कांहीं काळ मुख्याधिकारी होते. हें कॉलेज प्रथम मडगांवच्या मंदिराशेजारीं निघालें. परंतु शत्रूच्या स्वाऱ्यांचें भय असल्यामुळें तें कधीं मडगांवीं तर कधीं राशोलच्या किल्ल्याच्या आश्रयास असे. शेवटीं १६०६ सालीं राशोल येथें त्याच्या भव्य इमारतीचें काम सुरू झालें. मराठी ग्रंथांत ज्यास रायतूर म्हणतात तें हेंच राशोल.

रविवारीं उपासना संपल्यावर मंदिरांत लोकांस धर्मशिक्षण देण्याचा प्रघात होता. ख्रिस्तपुराणाच्या आरंभींच अशा एका वर्गाचा प्रसंग वर्णिला आहे. शिक्षण चालू असतां एक ब्राह्मण उठून पाद्रीबाबांस विचारतो कीं, आपण आमचीं पूर्वींचीं पुराणें वाचण्यास बंदी केली, तीं वाचून आमचा वेळ आनंदांत जात असे. मग त्यांच्या जागीं दुसरें पुराण आपण आम्हांस कां देत नाहीं? प्रश्न साधा आहे, परंतु त्यांत त्या सर्व वस्तीचें दुःख सांठविलेलें आहे. देऊळ गेलें तेव्हां केवळ दगड गेले नाहींत. संध्याकाळीं दिव्याशीं बसून पोथी ऐकण्याची रीत गेली, सणावारीं तोंडीं येणारी ओवी गेली. त्यांच्या जागीं आलेली उपासना लॅटिन भाषेंत होती. मंदिर लोकांच्या गांवांत उभें होतें, पण त्याची वाणी लोकांच्या गांवची नव्हती.

या प्रश्नाचें उत्तर म्हणजे ख्रिस्तपुराण होय. स्टीफन्स यांनीं लोकांच्या परिचयाचा ओवीछंदच घेतला. त्याच शतकांत पैठणास एकनाथ महाराज त्याच छंदांत भागवत सांगत होते. ग्रंथाचे दोन भाग आहेत. पहिल्यांत सृष्टीच्या उत्पत्तीपासून ख्रिस्ताच्या आगमनाच्या वाटेपर्यंतची जुन्या कराराची कथा ३६ अवस्वरांत, म्हणजे अध्यायांत आहे. दुसऱ्यांत ख्रिस्ताचा जन्म, उपदेश, मरण, पुनरुत्थान व स्वर्गारोहण हीं ५९ अवस्वरांत आलीं आहेत. एकंदर ओव्या १०,९६२ भरतात. स्वर्गास त्यांनीं वैकुंठ म्हटलें आहे. शुद्ध मराठी सामान्य लोकांस कळण्यास कठीण जाईल म्हणून कोंकणींतील सोपे शब्द त्यांनीं हेतुपूर्वक मिसळले. ग्रंथारंभीं त्यांनीं मराठी भाषेची जी स्तुति केली आहे, ती रत्नें, फुलें, सुगंध, पक्षी व ग्रहतारे यांच्या उपमांनीं इतकी नटलेली आहे कीं, मातृभाषेविषयीं उदासीन असलेल्या महाराष्ट्रीय तरुणानें ती एकवार अवश्य वाचावी. ज्याची ही मातृभाषा नव्हती त्यानें ती लिहिली, हें ध्यानांत घेतलें म्हणजे आपली मान लज्जेनें खालीं जाते.

ग्रंथ लिहून झाला तरी छापावयाचा कसा, हा प्रश्न होता. गोव्यांत १५५६ सालींच मुद्रणयंत्र आलें होतें, परंतु खिळे रोमन लिपीचे होते. आपला ग्रंथ देशी अक्षरांत निघावा अशी स्टीफन्स यांची फार इच्छा होती. मलबाराकडे तामिळ अक्षरांत पुस्तकें छापलीं गेलीं होतीं, हें त्यांस ठाऊक होतें. १६०८ सालीं संघाच्या रोममधील मुख्याधिकाऱ्यांस लिहिलेल्या पत्रांत त्यांनीं ही अडचण मांडली. युरोपांत अवघ्या २४ अक्षरांत काम भागतें, परंतु येथील लिपींत जोडाक्षरें व स्वरचिन्हें धरून सुमारें ६०० ठसे पाडावे लागतील, आणि एवढें काम कोणी करील असें दिसत नाहीं, असा त्या म्हणण्याचा आशय होता. शेवटीं १६१६ सालीं राशोल येथें ख्रिस्तपुराण रोमन लिपींत छापून निघालें. देवनागरी खिळ्यांनीं मराठी पुस्तक छापण्याचें काम १८०५ सालीं श्रीरामपूर येथें डॉ. विल्यम केरी यांनीं केलें. कॅथॉलिक पाद्र्यानें धरलेली आशा प्रॉटेस्टंट मिशनऱ्याच्या हातून जवळजवळ दोनशें वर्षांनीं फळास आली, ही देवाची योजना पाहून पंथाभिमान्यांनीं थोडा विचार करावा.

स्टीफन्स १६१९ सालीं दिवंगत झाले. त्यांनीं लिहिलेली कोंकणी ख्रिस्ती प्रश्नोत्तरावली १६२२ सालीं राशोल येथें छापली गेली. त्यांचें कोंकणी व्याकरण दिओगु रिबैरु यांनीं भर घालून १६४० सालीं प्रसिद्ध केलें. हिंदुस्थानांतील कोणत्याही भाषेचें छापून निघालेलें पहिलें व्याकरण तेंच होय.

पुराणास लोकांनीं मनापासून स्वीकारलें. १६४९ व १६५४ सालीं त्याच्या आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. मंदिरांत रविवारीं व सणांच्या दिवशीं उपासनेनंतर त्याचें वाचन होऊं लागलें. परंतु पुढें सरकारची दृष्टि फिरली. १६८४ सालीं पोर्तुगीज व्हाइसरॉयनें हुकूम काढून, लोकांनीं तीन वर्षांच्या आंत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावी, असें फर्माविलें. ज्या मंदिरांस स्टीफन्स यांनीं वाचा दिली त्यांचीच वाचा पुन्हा बंद करण्याचा हा यत्न होता. पुराणाच्या त्या तीन छापील आवृत्त्यांपैकीं एकही प्रत आज उपलब्ध नाहीं. तथापि जें पुस्तक लोकांच्या मुखीं बसलें असतें तें हुकुमानें मरत नाहीं. गोवा सोडून दक्षिणेस कानडा प्रांतांत गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनीं हातांनीं लिहिलेल्या प्रती पिढ्यान्‌पिढ्या जपल्या. त्यांच्या आधारें १९०७ सालीं मंगळूर येथें जोसेफ सलडान्हा यांनीं हें पुराण पुन्हा छापलें. १९५६ सालीं प्रा. शांताराम बंडेलू यांनीं तें देवनागरींत आणलें आणि फादर स्टीफन्स यांची जुनी इच्छा अखेर त्यांच्याच ग्रंथाच्या बाबतींत पूर्ण झाली.

आतां मडगांवच्या त्या मंदिराचें काय झालें, तें पाहूं. स्टीफन्स यांच्या वेळची इमारत राहिली नाहीं. स्वाऱ्यांत मंदिर जळालें, पुन्हा बांधलें गेलें, आणि आज जें दिसतें तें १६७५ सालचें आहे. दोन मनोरे असलेला त्याचा शुभ्र दर्शनी भाग, आंतील सोनेरी कोरीव वेदी, समोरचें विस्तीर्ण प्रांगण व त्यांतील क्रूस हीं पाहून मन प्रसन्न होतें. प्रांगणाभोंवतीं सज्जे व कौलारू छपरें असलेलीं जुन्या घराण्यांचीं घरें आहेत. आपल्या वाशीमांत बालाजीच्या देवळाभोंवतीं व पद्मतीर्थाच्या कांठीं जशी जुनी वस्ती आहे, तशीच ही मडगांवची मूळ वस्ती होय. पूर्वीं बाजारही येथेंच भरे. पावसाळ्यापूर्वीं पवित्र आत्म्याच्या सणाच्या वेळीं येथें मोठी जत्रा होते. तिला पुरुमेंताचें फेस्त म्हणतात. सुकी मासळी, मिरच्या, मसाले, आमसुलें अशी पावसाळ्याची बेगमी करण्यास सर्व जातिधर्मांचे लोक तेथें येतात. दामोदराचीही आठवण मडगांवकरांनीं टाकलेली नाहीं. जांबावलीच्या गुलालोत्सवास मडगांवचे लोक जातात, आणि त्या देवाविषयीं कित्येक ख्रिस्ती कुटुंबांतही आदर आहे. जें सत्तेनें तोडलें तें शेजाऱ्यांनीं हळूहळू सांधलें.

या मंदिराचें नांवही विचार करण्यासारखें आहे. पन्नासाव्या दिवसाच्या सणीं पवित्र आत्मा प्रेषितांवर उतरला तेव्हां यरुशलेमांत जमलेल्या नाना देशांच्या लोकांस देवाचीं महत्कृत्यें आपापल्या जन्मभाषेंत ऐकूं आलीं, असें शास्त्रांत सांगितलें आहे. त्या घटनेच्या स्मरणार्थ बांधलेल्या मंदिरांत लोकांच्या जन्मभाषेस जागा नसावी, हें विपरीत होतें. स्टीफन्स यांनीं तें ओळखलें. विसाव्या शतकांत दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें देशी भाषांत उपासना करण्यास मोकळीक दिली, आणि आज मडगांवच्या त्या मंदिरांत कोंकणींत प्रार्थना होतात.

विद्यार्थिमित्रहो, या चरित्रापासून दोन गोष्टी घेण्याजोग्या आहेत. पहिली ही कीं, ज्यांच्यामध्यें आपण राहतों व ज्यांची सेवा करूं इच्छितों त्यांची भाषा आपण प्रेमानें शिकावी. तिला तुच्छ लेखणारा मनुष्य त्यांच्या अंतःकरणापर्यंत पोंचत नाहीं. दुसरी ही कीं, आपल्या पूर्वजांच्या हातून जो अन्याय घडला तो कबूल करण्यास भिऊं नये, आणि दुसऱ्याचें जें हिरावलें गेलें असेल त्यांतील जेवढें आपल्यास परत देतां येईल तेवढें द्यावें. आपल्या वाचनालयांत देवनागरी ख्रिस्तपुराणाची प्रत असेल तर ती काढून वाचा. नसेल तर ती आणविण्याची विनंती करा. हिंदु विद्यार्थ्यांस तींत ओळखीची ओवी भेटेल व ख्रिस्ती विद्यार्थ्यांस ओळखीची कथा, आणि दोघांसही हें कळून येईल कीं, मराठी ही दोघांचीही माय आहे.